व्हिक्टोरियन पद्धतीचा गुलाब: मॅडरच्या थरांपर्यंत आलेले काम

व्हिक्टोरियन काळातील वनस्पतिचित्रकारांच्या पद्धतीने एक गुलाब पूर्ण करण्याचे काम आता रेखाटनाच्या पुढे सरकून प्रत्यक्ष फुलापर्यंत आले आहे. नमुना म्हणून बाल्कनीतील ‘एडवर्ड’ नावाचा गुलाब घेतला आहे. हा बुर्बोन वर्गातील गुलाब आहे आणि त्या काळी इंग्लंडच्या बागांत या वर्गाचे गुलाब हौसेने लावले जात, त्यामुळे नमुना आणि पद्धत यांची सांगड ओढूनताणून घातलेली नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतरचा बहर हाती आहे, तोवर रंगांच्या नोंदी उरकून घ्यायच्या असे ठरवले आहे, कारण आकार कागदावर एकदा उतरला की टिकतो, पण उमललेल्या फुलाचा रंग दुपारपर्यंतसुद्धा थांबत नाही.

रेखाटन हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाच्या कागदावर, कठीण पेन्सिलीने आणि अगदी फिके ठेवले आहे. त्यात सर्वाधिक वेळ निदलांना, म्हणजे कळीला बाहेरून झाकणाऱ्या हिरव्या दलांना दिला. अनेक गुलाबांच्या पाच निदलांपैकी दोहोंच्या दोन्ही कडांना झालर असते, दोहोंच्या कोणत्याच कडेला नसते आणि पाचव्याच्या एकाच कडेला असते. कळीत निदले एकमेकांवर मिटलेली असताना जी कड बाहेर राहते, तिलाच झालर येते. शोभेचे फूल रंगवणारा हा तपशील सहज गाळू शकतो, वनस्पतिचित्रकाराला मात्र ती मुभा नाही. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानासाठी काम करणाऱ्या मटिल्डा स्मिथ यांची ख्याती तर वाळून चपट्या झालेल्या नमुन्यांतून झाडाचा मूळ आकार पुन्हा उभा करण्यासाठी होती. १८५४ साली मुंबईत जन्मलेल्या या चित्रकर्तीने १८७८ पासून कर्टिस यांच्या नावाच्या प्रसिद्ध वनस्पती-नियतकालिकासाठी दोन हजारांहून अधिक चित्रे काढली. ताजे फूल समोर असताना निदलांची तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

खरा प्रश्न लाल रंगाचा होता. त्या काळी गुलाबी छटेसाठी मुख्यतः दोन रंग हाताशी असत. कोचिनीयल किड्यांपासून बनणारा कार्माइन गडद आणि तेजस्वी होता, पण उजेडात तो झपाट्याने उडत असे. दुसरा रोझ मॅडर, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्याच वंशातील युरोपीय वनस्पतीच्या मुळांतून काढलेला रंग तुरटीच्या साहाय्याने बसवून तयार केलेले रंगद्रव्य. ते बनवण्याची उत्तम रीत इंग्लंडमधील रंगतज्ज्ञ जॉर्ज फील्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केली आणि पुढे त्यांच्या टिपणांच्या आधारे विन्सर अँड न्यूटन या रंग बनवणाऱ्या कंपनीने हा रंग चालू ठेवला. जलरंग प्रकाशात किती टिकतात याविषयी रसेल आणि ॲबनी यांचा अहवाल १८८८ मध्ये आला, आणि त्यात कार्माइन सर्वांत लवकर उडणाऱ्या रंगांमध्ये गणला गेला. मीही दोन्ही रंगांच्या पट्ट्या अर्ध्या काळ्या कागदाने झाकून दक्षिणेकडच्या खिडकीत लावून ठेवल्या आहेत. कार्माइनची उघडी बाजू आताच ओळखू येईल इतकी फिकी झाली आहे. मॅडरमधील फरक मात्र पट्टी तिरपी धरून शोधावा लागतो.

म्हणून फुलासाठी अस्सल रोझ मॅडरच निवडला. हा रंग फार दुबळा आहे, हे त्याच्याबद्दल आधीच सांगून ठेवायला हवे. तो पारदर्शक आहे, ओला ब्रश फिरवला की कागदावरून सहज उचलला जातो आणि कितीही दाट लावला तरी एका वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एका हातात, गडद होत नाही. पाकळीच्या सावलीत प्रथम कोबाल्ट निळा आणि मॅडर यांचे फिके मिश्रण दिले, ते पूर्ण वाळू दिले आणि मग त्यावर निव्वळ मॅडरचे पातळ थर चढवत गेलो. प्रत्येक थर शिरांच्या दिशेने, जवळजवळ कोरड्या ब्रशने आणि घासाघीस न करता द्यावा लागतो, अन्यथा खालचा थर सुटून वर येतो. त्या काळातील चित्रांत गुलाबाच्या पाकळ्यांना जो मऊपणा दिसतो, त्याचे श्रेय आपण चित्रकाराच्या हाताला देतो; माझ्या मते त्यातला बराच वाटा या दुबळ्या रंगाचा आहे, कारण तो घाई करूच देत नाही. क्विनाक्रिडोन रोझ या आधुनिक कृत्रिम गुलाबी रंगाने तेवढीच खोली दोन थरांत मिळते आणि टिकाऊपणातही तोच सरस आहे, पण मध्यभागीच्या दाटीवाटीच्या पाकळ्या त्याने रंगवल्या की त्या मला थोड्या प्लास्टिकसारख्या दिसतात.

पानांच्या बाबतीत मात्र जुन्या पद्धतीचा हट्ट धरलेला नाही. तेव्हाचा हूकर्स ग्रीन हा हिरवा रंग म्हणजे प्रशियन निळा आणि गॅम्बोज (झाडाच्या चिकापासूनचा पिवळा) यांचे मिश्रण असे आणि गॅम्बोज उजेडात फिका पडतो. जुन्या फुलचित्रांत काही वेळा पाने निळसर दिसतात, त्याचे एक कारण असा उडून गेलेला पिवळा हे आहे. मी व्हिरिडियन हा निळसर हिरवा आणि एक टिकाऊ आधुनिक पिवळा वापरला. व्हिरिडियनच्या निर्मितीचे पेटंट १८५९ चे असल्याने निदान हिरव्याचा अर्धा भाग तरी काळाशी प्रामाणिक राहिला आहे.

चायनीज व्हाइट हा जस्ताचा पांढरा रंग विन्सर अँड न्यूटन यांनी १८३४ मध्ये बाजारात आणला. त्या काळचे इंग्रज जलरंगचित्रकार विल्यम हेन्री हंट तर पांढऱ्याचा थर आधी देऊन, तो कडक झाल्यावर त्यावर शुद्ध रंगाचे बारीक ठिपके देत. त्या रीतीने फळांवरची लव आणि फुलांचे तेज विलक्षण उतरते, हे मान्यच आहे. तरीही या चित्रात मी तो टाळला आहे आणि उजळ भागांसाठी कोरा कागदच राखला आहे, कारण मॅडरची पारदर्शकता कागदाच्या पांढऱ्यावर जितकी खुलते तितकी जस्ताच्या पांढऱ्यावर खुलत नाही.

आता बाहेरच्या पाकळ्यांची मागची फिकट बाजू, देठावरचे काटे आणि पानांच्या तळाशी देठाला चिकटलेली उपपर्णे बाकी आहेत. काट्यांची टोके तांबूस आणि बुंधे हिरवट आहेत, त्यामुळे तिथेही मॅडर लागेल, पण थोडा बर्न्ट सिएना मिसळून. खालच्या कोपऱ्यात उभ्या छेदाचे छोटे चित्र द्यायचे आहे. त्यासाठी फूल कापावे लागणार असल्याने मुख्य चित्राचे काम संपल्यावर याच बहरातील दुसरे फूल घेईन.