बुचामागची किक

लोक किकच्या गाडीला सेल्फ बसवून घेतात. मी उलटं केलं. त्यात तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं. सेल्फ मेला होता आणि त्याचे पार्ट मिळत नव्हते, एवढंच.

मोटरसायकल 1982ची, पाचशे सीसी, एकच सिलिंडर. बटण दाबलं की मोटर गरगर फिरायची, इंजिन मात्र ढिम्म. दोष मोटरचा नव्हता, स्टार्टर क्लचचा होता. त्यात तीन छोटे रोलर असतात आणि प्रत्येकामागे एक नाजूक स्प्रिंग. मोटर फिरली की रोलर अरुंद जागेत घट्ट बसून क्रँकला (पिस्टनला जोडलेल्या इंजिनाच्या मुख्य दांड्याला) ओढतात, इंजिन चालू झालं की आपोआप सुटतात. माझ्या गाडीत ते घट्ट बसायचंच विसरले होते. त्यांच्या खाचा नख फिरवलं तरी कळेल इतक्या झिजल्या होत्या.

मग इंजिनाच्या उजवीकडच्या कव्हरवरच्या काळ्या रबरी बुचाकडे लक्ष गेलं. इतकी वर्षं गाडी पुसताना मी तेही पुसत आलो होतो, पण हे इथे कशाला, असं कधी मनात आलं नाही. उपटलं तर मागे गोल भोक. याच इंजिनाची मातीत हुंदडणारी भावंडं किकवर चालायची आणि सगळ्यांचा साचा एकच. म्हणजे किकची जागा मंजूर होती, फक्त भरती झाली नव्हती.

ती मी करायला घेतली. किकचा शाफ्ट, रॅचेट (एकाच दिशेने पकडणारं दातेरी चाक), मधला गिअर, परतीची स्प्रिंग, ऑईल सील. पायाचा जोर शाफ्टवरून मधल्या गिअरला, तिथून क्लचच्या डब्याला आणि मग क्रँकला पोचतो. त्यासाठी क्लचच्या डब्याच्या पाठीलाही दाते लागतात. माझ्याला नव्हते. शेवटी भंगारात निघालेल्या एका भावंडाचा अख्खा डबाच आणला.

सगळ्यात जास्त छळलं स्प्रिंगने. तिचं एक टोक शाफ्टच्या छिद्रात जातं, दुसरं केसमधल्या खुंटीवर, आणि खुंटीला अडकवण्याआधी तिला पीळ द्यावा लागतो. पक्कड जरा सैल झाली की ती सुटलीच. दोनदा कपाटाखाली गेली, तिसऱ्यांदा अंगठ्यावर आली. चौथ्यांदा ‘टक्’ करून बसली, तेव्हा मी काही वेळ तिच्याकडे नुसता बघत राहिलो. मोटर काढून फळीवर ठेवली, तिच्या जागी ओ-रिंग लावून ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली. एक भोक उघडलं, एक बुजलं, हिशेब बरोबर. पहिली किक मारली तर दांडी अर्ध्या वाटेत फूटरेस्टवर ठण्णकन आपटली. दुमडणारा फूटरेस्ट शोधण्यात आणखी पंधरा दिवस गेले.

बसवणं एक आणि मारणं एक. सिंगल सिलिंडरची किक म्हणजे नुसता जोर नव्हे. दांडी हळू दाबत न्यायची, पाय अडला की पिस्टन वर आलाय. मग डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा, लिव्हर ओढून त्याला जरासं पुढे काढायचं, दांडी वर येऊ द्यायची आणि एकच सणसणीत. मनात शंका ठेवून मारायची नाही. ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या थोडी आधी पडते, त्यामुळे अर्धवट किक मारली तर इंजिन उलटं फिरतं आणि पायाचा जोर पायालाच परत करतं, व्याजासकट. यामाहाच्या एसआर 400ला पिस्टनची जागा दाखवायला सिलिंडर हेडवर चक्क एक छोटी खिडकी होती. ती गाडी 2021पर्यंत किकवरच निघत राहिली. जुने बुलेटवाले तेच काम अँपमीटरच्या (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरच्या) काट्यावर भागवत. माझ्या गाडीला खिडकी नाही, काटा नाही, सगळी मदार तळपायावर.

बटणाला मी नावं ठेवत नाही. 1914 साली अमेरिकेतल्या ‘इंडियन’ने (नावावर जाऊ नका) ‘हेंडी स्पेशल’ या गाडीला इलेक्ट्रिक स्टार्ट दिला होता, पण त्या काळच्या बॅटऱ्यांना तो पेलवला नाही. हार्लेच्या मोठ्या गाडीला सेल्फ आला तो थेट 1965मध्ये, आणि त्या कौतुकात तिचं नावच ‘इलेक्ट्रा ग्लाइड’ पडलं. इतक्या खटपटीने आलेली सोय मी दोन पान्यांनी काढून टाकली. गुडघा कुरकुरतो त्या सकाळी हे फार आठवतं.

हँडलवरचं बटण मात्र तसंच आहे. रिकामं कशाला ठेवायचं म्हणून त्याला हॉर्न जोडला. आता सिग्नलला गाडी बंद पडली की अंगठा जुन्या सवयीने तिकडेच जातो, हॉर्न वाजतो आणि पुढचा माणूस वळून रागाने बघतो. तोवर माझा पाय दांडी चाचपडत असतो. क्लच दाबला की गिअरमध्येही किक लागते, हे त्यातल्या त्यात बरं.