आठव्या वाढदिवसाला आम्ही येळ्ळूरगड बांधला

गेल्या वर्षी धाकट्याचा वाढदिवस हॉलमध्ये केला होता. फुग्यांची कमान, साउंडवाला, ऐंशी माणसांचं जेवण, सगळं धरून तीस हजारांच्या वर खर्च गेला आणि पोरगं केक कापायच्या आधीच माझ्या पदराला धरून रडायला लागलं, स्पीकरचा आवाज छातीत बसला त्याच्या. मित्र सगळे भिंतीकडेच्या खुर्च्यांवर ओळीनं, प्रत्येकाचं डोकं आईच्या मोबाईलमध्ये. घरी येताना रिक्षात त्यानं विचारलं, "आई, आम्ही खेळायचं कधी होतं?"

ते वाक्य वर्षभर डोक्यात राहिलं. म्हणून यंदा एकच ठरवलं, जो काही खर्च आणि जी काही धावपळ करायची ती पोरांच्या अडीच तास खेळण्यासाठी करायची, मोठ्यांसाठी काही नाही. ज्यांच्या घरात वाढदिवस जवळ आलाय त्यांच्यासाठी सगळं नीट लिहून ठेवते, उपयोगी पडेल.

त्याचा वाढदिवस येतो ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुट्टीत, पोरं दिवसभर गल्लीतच. आणि आपल्या बेळगावात दिवाळी आली की गल्लोगल्ली किल्ले सुरू होतात हे काही सांगायला नको. मग म्हटलं दिवाळीपर्यंत थांबायचं कशाला, वाढदिवसालाच किल्ला बांधू. कुठला बांधायचा विचारल्यावर त्यानं एका दमात सांगितलं, येळ्ळूरगड. म्हणजे बेळगावजवळचा राजहंसगडच, आम्ही घरात येळ्ळूरगडच म्हणतो. मे महिन्यात त्याला वर नेलं होतं तेव्हापासून तिथला बुरूज, सिद्धेश्वराचं देऊळ आणि शिवाजी महाराजांचा पुतळा हे तिन्ही त्याच्या चित्रात असतातच.

बोलावणं फक्त तेरा पोरांना, आमचा धरून चौदा. ह्यावर घरात थोडं बोलणं झालं, जाऊबाईंना वाटत होतं पाहुणे काय म्हणतील, पण अहोंनी सांगितलं पाहुण्यांना दिवाळीत फराळाला बोलवू, आणि विषय मिटला. व्हॉट्सअपवर मेसेज टाकला, साडेतीन ते सहा, जुने कपडे घालून पाठवा, गिफ्ट आणू नका, त्याऐवजी घरातल्या दिवाळीच्या पेटीतला एक मावळा पाठवा. हा मावळा फार कामाला आला. प्रत्येकजण आपला मावळा मुठीत धरून आला, कुणाचा हात तुटलेला, कुणाचा घोडेस्वार, एकीनं तर गवळण आणली कारण तिच्याकडे मावळा नव्हता, तिला आम्ही गडावर ताक विकायला बसवली.

किल्ल्याचं सांगते कारण खरं काम तिथं आहे. पाया आदल्या रात्रीच मोठ्यांनी घालून ठेवायचा, पोरांचा धीर अर्धा तासच टिकतो. आम्ही परसात विटा आणि दगड रचून डोंगराचा उंचवटा केला, बुरुजाच्या जागी पत्र्याचे रिकामे डबे उलटे ठेवले. तांबडी माती मामांच्या शेतातून दोन पोती आणली, रिकामी गोणपाटं किराणावाल्यानं अशीच दिली. मातीचा काला इडलीच्या पिठाएवढा पातळ करायचा, त्यात गोणपाट पूर्ण बुडवून, पिळून न घेता तसंच विटांवर टाकायचं. ते आपोआप घड्या पडून बसतं आणि त्या घड्याच कडेकपाऱ्या दिसतात. हे पोरांच्या हातून करून घ्या, चौघांनी चार कोपरे धरून ते जड गोणपाट उचललं आणि टाकल्यावर जो फच्चकन आवाज आला त्यावर सगळी परसदारात लोळायची बाकी होती.

मग कामं वाटली. तिघं चाळणीनं माती चाळणार, दोघं पाणी आणणार, दोघं लाकडी पट्टीनं पायऱ्या कोरणार, नारळाच्या करवंटीची विहीर, जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा दरवाजा. चौदा जण एकदम किल्ल्याला भिडले तर भांडणं होतात म्हणून अर्धी किल्ल्यावर आणि अर्धी पुढं गल्लीत लगोरीला, वीस मिनिटांनी अदलाबदल. आमच्या गल्लीत कोण मराठी शाळेत, कोण कन्नड, कोण इंग्लिश मीडियम, लगोरीचे दगड मोजताना एकाच तोंडातून ओंदु, येरडु, तीन, फोर असं यायलं होतं आणि कुणालाच त्यात वेगळं काही वाटलं नाही. मी दारात उभी राहून नुसती ऐकत होते.

पाऊस. परतीचा पाऊस दुपारनंतरच येतो हे धरून चला आणि ताडपत्री आधीच बांधून ठेवा. आमच्याकडे पाच वाजता दहा मिनिटं जोराची सर आली, ताडपत्री होती म्हणून किल्ला वाचला, पोरं मात्र मुद्दाम बाहेर भिजली. मागच्या दारात एक टब पाणी, साबण आणि जुने टॉवेल ठेवलेले असतील तर घरात चिखल येत नाही, हे नक्की करा.

खाण्याचं साधंच ठेवलं. जेवण ठेवलंच नाही, त्यामुळं आचारी नाही, पत्रावळ्या नाहीत, उरलेलं अन्न नाही. चिरमुऱ्यांची ओली भेळ, गरम आप्पे, कोकम सरबत. शेजारच्या आक्का कन्नड बोलतात, त्या आप्प्यांना पड्डू म्हणतात, त्यांनी त्यांचा बिडाचा तवा आणला आणि स्वतःच गॅससमोर उभ्या राहिल्या. मी बसा म्हटलं तर म्हणाल्या, "राहू दे की, पोरं खायलेत, माझं पोट भरायलंय." भेळीत तिखट कमी ठेवा, वरून चटणी ज्याची त्यानं घ्यावी.

केक अर्धाच किलो आणला, आणि त्याच्यासोबत अर्धा किलो कुंदा, आपली बेळगावची खव्याची मिठाई. केकचा एवढाएवढा तुकडा प्रत्येकाला, कुंद्याचा एक चमचा. पहिली कुंद्याचीच वाटी रिकामी झाली. पण केकच्या आधी औक्षण, सासूबाईंनी आधीच बजावलं होतं. चिखलाचे पाय धुऊन पोरगं पाटावर बसलं, बाकीचे तेरा भोवती गोल करून, सासूबाईंनी निरांजन ओवाळलं तेव्हा एवढी दंगा करणारी पोरं एकदम गप्प झाली. एका पोरानं हळूच विचारलं, "आज्जी, मला पण ओवाळतीसा काय?" मग काय, सगळ्यांनाच ओवाळलं. अर्धा तास गेला त्यात, पण माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं तेच झालं.

जाताना प्रत्येकाच्या हातात लाकडी भोवरा आणि जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी. प्लास्टिकची खेळणी घेऊ नका, दुसऱ्या दिवशी मोडतात. भोवरे खडे बाजारात तीस रुपयाला एक पडले.

हिशोब सांगते, सगळे विचारायलेत. केक ३५०, कुंदा २४०, भेळीचं सामान ४५०, आप्पे आणि सरबत मिळून २५०, भोवरे १४ गुणिले ३० म्हणजे ४२०, मोहरी, गेरू, झेंड्याचे कागद वगैरे १५०. एकूण १,८६०. जाऊबाई आकडा ऐकून म्हणाल्या, "एवढ्यात कसं भागवलासा हो?" आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या लेकीच्या वाढदिवसाला त्या भातुकली मांडणार आहेत, परसात तीन दगडांच्या चुली घालून खरेच पोहे करणार, मोठं माणूस सतत शेजारी ठेवून. तारीख पावसाळ्यात येत असेल तर किल्ल्याचा नाद सोडा, घरातच बसून शाडूच्या मातीच्या मूर्ती करता येतील.

एक राहिलंच. संध्याकाळी निघायच्या आधी प्रत्येकाला चिमूटभर मोहरी दिली आणि गडाच्या उतारावर पेरायला लावली, वरून चाळलेल्या मातीचा पातळ थर. रोज सकाळी पाणी कोण घालणार ह्यावर त्यांनी आपापसात वार वाटून घेतले, मी काही बोलले नाही. चौथ्या दिवशी सहा वाजता अजून उजाडतंच होतं तर फाटक वाजायला लागलं. उघडलं तर गवळणवाली पोरगी, हातात तांब्या, पायात चप्पल नाही, आणि ओरडून सांगायली, "काकू, आलंय! माझ्या बाजूनं आलंय!"