लामा थुंकण्याआधी बरंच काही सांगतो

तुम्ही विचारलंत म्हणून: लामा (दक्षिण अमेरिकेतला, उंटाच्या कुळातला पाळीव प्राणी) अचानक थुंकतो का, आणि आधी ओळखायचं कसं?

अचानक सहसा नाहीच. कान बघा. पुढे वळलेले असतील तर त्याचं लक्ष कशावर तरी आहे. जरा मागे पण सैल असतील तर तो निवांतही असू शकतो. नवखी माणसं इथेच फसतात. कान मागे जाऊन मानेलगत सपाट झाले आणि हनुवटी वर उचलली गेली, की तो ‘मागे हो’ म्हणतोय. तेव्हाच दोन पावलं मागे सरा. न सरल्यास आधी नुसती हवा आणि लाळ येते, मग तोंडातला चारा, आणि शेवटी पोटातला हिरवट, आंबट वासाचा रस. हा दोन-तीन मीटर सहज जातो. त्याची चव खुद्द लामालाही सोसत नाही: खालचा ओठ लोंबतो, तोंड उघडंच राहतं आणि काही वेळ तो चाऱ्याला शिवत नाही.

बहुतेक वेळा हा फवारा माणसासाठी नसतोच. चाऱ्यावरून भांडण होतं, गाभण मादी नराला हाकलते, आणि मध्ये उभा असलेला भिजतो. म्हणून चारा लांब लांब टाका आणि दोघांच्या मध्ये उभं राहू नका.

समोरून जाऊन थेट तोंडाला हात लावणं त्यांना आवडत नाही. तिरकं, खांद्याच्या दिशेने जा, थांबा, मग मानेच्या बुंध्याला हात लावा. पायांना एकदम हात घालू नका. नर भांडताना एकमेकांच्या पायांनाच चावतात.

शांत जनावर म्होरकी घातल्यावर बिथरत असेल, तर आधी म्होरकीच तपासा. नाकावरचा पट्टा डोळ्यांजवळ, हाडावर बसला पाहिजे. तो खाली घसरला की मऊ कूर्चा दाबली जाते. लामा मुख्यतः नाकानेच श्वास घेतो, त्यामुळे त्याचा जीव घाबरा होतो. पट्टा रवंथ करता येईल इतका सैल ठेवा, मानेमागचा मात्र नीट आवळा.

खरी काळजी थुंकणाऱ्याची नाही, अति लगट करणाऱ्या तरुण नराची करायला हवी. बाटलीवर, माणसांतच एकटं वाढलेलं नर पिल्लू अंगाला भिडतं, कपडे चावतं, मान खाली घालून शेपटी पाठीवर वळवतं. लोकांना ते गोड वाटतं. पण वयात आल्यावर तोच नर माणसाला प्रतिस्पर्धी समजतो, छातीने धडक देतो, चावतो. पिल्लाला बाटली लागलीच तर दूध पाजा आणि निघा, लाड नकोत. त्याला कळपातच वाढू द्या. वेळेवर खच्चीकरणाचा उपयोग होतो, पण मुरलेली सवय त्याने जाईलच असं नाही. प्रौढ नराला सुळ्यांसारखे सहा लढाऊ दात असतात, वर चार आणि खाली दोन. ते पशुवैद्याकडून कापून घ्या. असा नर चालून आला तर त्याला पाठ दाखवू नका. हातातली फळी किंवा बादली मध्ये धरा आणि त्याच्याकडे तोंड ठेवून फाटकाबाहेर पडा.