शाळेचा निकाल मागायला गेले, तेव्हा…

मुलगा सातवी संपवून आठवीला जाणार होता. जवळ मराठी माध्यमाची दोन सरकारी हायस्कुलं. एकीचा निकाल शंभर टक्के, दुसरीचा पडलेला, असं गावात बोललं जायचं. ऐकीव गोष्टीवर मुलाची तीन वर्षं सोपवायला मन धजेना. म्हणून माहिती अधिकारात दोन्ही शाळांचे तीन वर्षांचे एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचे, निकाल मागितले.

अर्ज शेजारच्या अक्कांनी कन्नडमध्ये लिहून दिला, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण 150 शब्दांत बसवावा लागतो, तेवढं सांभाळा.

अडलं ते शिक्षण कार्यालयात. पहिल्या दिवशी टपालाच्या टेबलवरचे म्हणाले, "हे आमच्याकडं नाही अक्का, बोर्डाकडं मागा." दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच देईनात. शिक्का त्यांच्या कोपराशी पडलेला, माझ्या हातात दुसरी प्रत. पाऊण तास उभी राहिले. त्यांच्या मागच्या भिंतीवर तालुक्यातल्या सगळ्या शाळांच्या निकालाचा तक्ता चिकटवलेला होता! अजून आठवलं की डोकं तापतं. माहिती दुसऱ्या कार्यालयाची असेल तर 5 दिवसांत अर्ज त्यांनीच तिकडं पाठवायचा असतो, हे मला तेव्हा माहीत असतं तर पहिल्याच दिवशी सुनावलं असतं. शेवटी अर्ज परत घेतला आणि स्पीड पोस्टनं पाठवला. तुम्ही पहिल्यापासून तसंच करा, पावती जपून ठेवा. उत्तराची 30 दिवसांची मुदत गेली, उत्तर नाही. वरच्या अधिकाऱ्याकडं पहिलं अपील केलं, तेव्हा कुठं कागद आले. मुदत उलटली की झेरॉक्सचे पैसे द्यायचे नसतात, मागितले तरी देऊ नका.

आणि हो, अर्जात नुसते टक्के मागू नका. परीक्षेला किती बसले, कुठल्या विषयात किती नापास, हेही मागा. त्या शंभर टक्केवाल्या शाळेत 11 मुलं बसली होती. आदल्या वर्षी 14 पैकी 9 पास. दुसऱ्या शाळेत 94 पैकी 78, आणि नापास झालेले बहुतेक गणितात. एकाच वर्षाचा आकडाही धरू नका: 2024 ला परीक्षा केंद्रांवर वेबकास्टिंग, म्हणजे कॅमेऱ्यातून थेट देखरेख, आलं आणि अख्ख्या राज्याचा निकाल 83.89 वरून 73.40 टक्क्यांवर उतरला.

दुसऱ्या शाळेत जाऊन गणिताचं विचारलं. मुख्याध्यापकांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, त्या वर्षी जागा रिकामी होती, अतिथी शिक्षकावर भागवलं, आता कायम सर आलेत. मुलाचं नाव तिथंच घातलं.