माझा अनुभव : अंगावर पाजताना झालेला थ्रश (बुरशीचा संसर्ग)

बाळंतपणानंतर सुरुवातीला स्तनाग्रे दुखतात, हे मला सगळ्यांनीच सांगून ठेवले होते आणि तशी ती दुखलीही. पुढे बाळाची स्तन धरण्याची पकड सुधारली, भेगा भरून आल्या आणि पाजणे आम्हा दोघांच्याही अंगवळणी पडले. असे सारे सुरळीत चालू असताना जे दुखणे नव्याने सुरू झाले, ते मात्र वेगळ्याच जातीचे होते. आधीचे दुखणे बाळाने स्तन तोंडात घेताच जाणवे आणि दूध वाहू लागले की ओसरे. हे दुखणे पाजताना वाढत जाई आणि बाळ पोटभर पिऊन झोपल्यावरही बराच वेळ रेंगाळे. मिरची चोळल्यासारखी आग होई, मध्येच स्तनाच्या आतपर्यंत कळ जाई आणि अंगावरच्या कपड्याचा स्पर्शही नकोसा वाटे. दोन्ही बाजूंची त्वचा नेहमीपेक्षा अधिक गुलाबी व तुकतुकीत दिसू लागली होती, तिच्यावरून बारीक पापुद्रे सुटत होते आणि खाजही येत होती.

घरातल्या अनुभवी बायकांचे मत पडले की बाळ दूध नीट ओढत नसावे. हे मत अगदीच चुकीचे नव्हते, कारण स्तनाग्रे दुखण्याचे सर्वांत सामान्य कारण सदोष पकड हेच असते. परंतु पकडीतला दोष बहुधा पहिल्या दिवसापासून त्रास देतो आणि पाजून झाल्यावर स्तनाग्र चपटे किंवा तिरके झालेले दिसते. माझ्या बाबतीत तसे काही नव्हते. काही काळ वेदनारहित पाजणे जमल्यानंतर, दोन्ही बाजूंना जवळजवळ एकाच वेळी हे सुरू झाले होते, आणि याच तपशिलाला पुढे डॉक्टरांनी सर्वांत अधिक महत्त्व दिले.

दरम्यान बाळाच्या तोंडाकडे माझे लक्ष गेले. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दुधाचा पांढरा थर असतोच, म्हणून नुसती पांढरी जीभ पाहून घाबरण्याचे कारण नाही. दुधाचा थर बहुधा जिभेपुरताच असतो आणि ओल्या स्वच्छ कापडाने हलकेच टिपला की निघतो. माझ्या बाळाच्या मात्र गालांच्या आतल्या बाजूला आणि हिरड्यांवरही दह्याच्या कवडीसारखे ठिपके होते आणि ते टिपून निघत नव्हते. असे ठिपके खरवडून काढायचे नसतात, कारण त्याखालची त्वचा लाल व नाजूक असते आणि तिच्यातून रक्त येऊ शकते. बाळ भुकेने रडे, स्तन तोंडात घेई आणि थोडेसे पिऊन सोडून देई. लंगोटाच्या जागी लालभडक पुरळ उठले होते, त्याच्या कडेने सुटे लाल ठिपके पसरले होते आणि नेहमीच्या मलमाला ते दाद देत नव्हते.

डॉक्टरांनी बाळाचे तोंड, लंगोटाची जागा आणि माझी स्तनाग्रे एकाच भेटीत तपासली. मला स्वतःला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आईला एका डॉक्टरांनी आणि बाळाला दुसऱ्यांनी स्वतंत्रपणे पाहिले तर दोन्ही चित्रे अर्धवट राहतात. ‘हा थ्रश आहे. बाळाच्या तोंडात आहे म्हणजे तुम्हालाही औषध लागेल, आणि तुम्हाला दिले तर बाळालाही द्यावेच लागेल. एकाचेच केले तर ते दुसऱ्याकडून परत येईल,’ असे त्यांनी स्पष्ट सांगितले. हा संसर्ग कॅन्डिडा नावाच्या बुरशीमुळे होतो. ही बुरशी निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यांत, योनिमार्गात आणि त्वचेवरही निमूटपणे राहत असते आणि तिथल्या जिवाणूंमुळे तिची वाढ आटोक्यात असते. प्रतिजैविकांमुळे ते जिवाणू मेले की तिला मोकळे रान मिळते. प्रसूतीच्या वेळी मला प्रतिजैविके दिली गेली होती आणि स्तनाग्रांच्या भेगा नुकत्याच भरल्या होत्या, त्यामुळे बुरशीला शिरकाव करायला आयतीच वाट सापडली असावी. मधुमेह असलेल्या स्त्रियांना, तसेच योनिमार्गात थ्रश झालेल्यांना, ही शक्यता अधिक असते. योनिमार्गाचा त्रास असेल तर त्यावरही त्याच वेळी उपचार घ्यावे लागतात.

मला मायकोनॅझोल या बुरशीनाशकाचे मलम मिळाले. प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर त्याचा पातळ थर लावायचा आणि पुढच्या वेळी पाजण्याआधी मलम दिसत असेल तर ते हलकेच पुसून घ्यायचे, असा क्रम होता. मायकोनॅझोलचे तोंडात लावायचे जेलही मिळते, परंतु ते घट्ट असल्याने लहान बाळाच्या घशात अडकून गुदमरण्याचा धोका असतो. माझे बाळ चार महिन्यांहून लहान असल्यामुळे डॉक्टरांनी जेल टाळून नायस्टॅटिन हे पातळ बुरशीनाशक औषध दिले. ते दिवसातून चार वेळा, पाजून झाल्यानंतर द्यायचे होते. आधी दिले तर दुधाबरोबर लगेच पोटात जाते, नंतर दिले तर तोंडात ठिपक्यांवर काही वेळ टिकते, इतके साधे कारण त्यामागे आहे. लंगोटाच्या जागेसाठी बुरशीनाशक मलम वेगळे होते.

दोन-तीन दिवसांत आग कमी होऊ लागली आणि बाळाच्या गालांतले ठिपके विरळ झाले. इथेच औषध सोडून देण्याचा मोह सर्वांत जास्त होतो. ठिपके दिसेनासे झाल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत औषध चालू ठेवावे लागते, नाहीतर उरलेली बुरशी पुन्हा डोके वर काढते. वरून लावायच्या औषधाने आईचा त्रास हटला नाही तर फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या दिल्या जातात. माझ्यावर ती वेळ आली नाही. दुखणे असह्य होई तेव्हा डॉक्टरांच्या संमतीने पॅरासिटामॉल घेतले, जे स्तनपान करतानाही घेता येते. या काळात पाजणे बंद करावे का, हा प्रश्न घरात वारंवार निघे. त्याचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. पाजणे एकदम थांबवले तर दूध साचून गाठी होतात आणि एका दुखण्यात दुसऱ्याची भर पडते. मी कमी दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करीत असे, आणि अगदीच सोसवेनासे झाले तर हाताने दूध काढून बाळाला देत असे. काढलेले दूध त्याच दिवशी वापरले, पुढच्यासाठी गोठवून ठेवले नाही, कारण गोठवल्याने ही बुरशी मरत नाही.

स्वच्छतेचे काम औषधापेक्षा जास्त वेळ खाणारे होते, आणि घरात ते वाटून घेतले म्हणूनच निभावले. लंगोट बदलल्यावर व मलम लावण्याच्या आधी-नंतर हात साबणाने धुणे, बाळाच्या तोंडात जाणारी चोखणी, बाटलीचे निपल आणि दूध काढण्याच्या पंपाचे उकळता येणारे भाग रोज उकळणे, ब्रा व टॉवेल गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवणे, ओले झालेले ब्रेस्ट पॅड लगेच बदलणे, असा तो रगाडा होता. ओल आणि ऊब या बुरशीला मानवतात, म्हणून पाजून झाल्यावर स्तनाग्रे थोडा वेळ उघडी ठेवून कोरडी होऊ देणेही उपयोगी ठरले. जेन्शियन व्हायोलेट या जुन्या जांभळ्या औषधाची शिफारस कोणी केली तरी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, कारण त्याच्या सुरक्षिततेविषयी आता गंभीर शंका घेतल्या जातात. आणि बाळाच्या तोंडात मध तर एक वर्षापर्यंत मुळीच लावू नये, त्यातून बोट्युलिझम हा घातक आजार होऊ शकतो.

स्तनाच्या आतली कळ बुरशीमुळेच येते का, याविषयी तज्ज्ञांमध्ये एकवाक्यता नाही. कित्येकदा थ्रश समजून बुरशीनाशक औषधे दिली जातात आणि मूळ कारण इसब, मलमाची ॲलर्जी, जिवाणूंचा संसर्ग किंवा रक्तवाहिन्यांचे आकुंचन हे असते. एका बाजूला लाल, गरम पट्टा उमटून ताप व अंगदुखी असेल तर तो स्तनदाह असू शकतो आणि त्यासाठी लगेच डॉक्टरांकडे जावे. बाळाच्या तोंडात काहीच दिसत नसेल, दुखणे एकाच बाजूला असेल किंवा उपचार करूनही फरक पडत नसेल, तर निदान पुन्हा तपासून घेणे आवश्यक आहे.

माझ्या बाबतीतही तसेच घडले. बाळाचे तोंड स्वच्छ झाले, माझी त्वचा पूर्ववत झाली, तरी एक ठणका मागे राहिला होता. पाजून झाल्यावर गार हवा लागली की स्तनाग्र पांढरेफटक पडे, मग निळसर होई आणि शेवटी लाल होताना ठणकत राही. स्तनपान सल्लागारांनी हा रंगबदल पाहून ते रक्तवाहिन्यांचे आकुंचन असल्याचे सांगितले. त्यावर बुरशीच्या औषधाचा काहीच उपयोग नव्हता. त्यांनी पाजण्याची बैठक आणि बाळाची पकड पुन्हा एकदा तपासून दिली, तसेच बाळाने स्तन सोडताच त्यावर कोरडे, उबदार कापड धरायला सांगितले. पाजून झाल्यावर स्तनाग्रे उघडी ठेवण्याची जी सवय थ्रशच्या काळात लावून घेतली होती, ती त्यांच्या सल्ल्याने बंद केली, आणि त्यानंतर तो ठणकाही हळूहळू थांबला.