गल्ल्यातलं ब्लेड : आमची वाटचाल

आमच्या गल्ल्यात नोटांच्या शेजारी दाढीचं एक ब्लेड असतं. नवीन गिऱ्हाईक ते बघून जरा दचकतं. ते तिथं आलं कळमन्याकडच्या एका डाळ मिलमुळे, पण त्याआधीचं थोडं सांगावं लागेल.

२००९ च्या दिवाळीनंतर मी आणि माझ्या आतेभावानं सीताबर्डीच्या आतल्या गल्लीत, वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरच्या धंद्यासाठी एक खोली भाड्यानं घेतली. बोर्डावर 'सेल्स अँड सर्व्हिस' रंगवून घेतलं. सेल्स काही नव्हता. विंडोज सेव्हन नुकतंच आलं होतं आणि दिवसाला तीन-चार मशीनना फॉरमॅट मारणं हाच धंदा होता. एकच डीव्हीडी सगळ्या नागपुरात फिरायची. लायसन्सचं नाव गिऱ्हाईक काढत नसे आणि आम्हीही काढत नव्हतो. विंडोजचे दोन प्रकार, ३२ बिट आणि ६४ बिट. त्यातलं कोणतं टाकायचं, हेसुद्धा डीव्हीडी कोणती हाताला लागली त्यावर ठरायचं. चार जीबी रॅम असलेल्या मशीनवर ३२ बिट टाकलं की तीन-सव्वातीनच्या वर रॅम वापरलीच जात नाही, हे एका गिऱ्हाइकानं आम्हाला दाखवून दिलं तेव्हा खाली मान घालून ऐकून घेतलं.

त्या विनालायसन्स कामाचा हिशेब मे २०१७ मध्ये चुकता झाला. फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस आला, आणि आमच्या इतवारीतल्या एका व्यापाऱ्याच्या सगळ्या फायलींना कुलूप लागलं. मायक्रोसॉफ्टनं त्यावरचा पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारं अपडेट, मार्चमध्येच दिलेला होता. पण त्या मशीनचे अपडेट आम्हीच बंद करून ठेवले होते, कारण अपडेट झालं की कॉपी पकडली जायची. सीएकडे मार्चअखेरची टॅलीची फाइल होती म्हणून काकाजींचे खाते वाचले. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "तुले पैसे वाचवाले सांगतलं होतं बाप्पा, घर जाळाले नाही." पुढच्या दीड महिन्यात, १ जुलैला, जीएसटी लागू झाला, ज्याला-त्याला कॉम्प्युटर हवा झाला, आणि तेव्हापासून विनालायसन्स काम आम्ही घेत नाही. सुरुवातीला गिऱ्हाइकं गेली. त्यातली काही परत आली.

लायसन्समध्येही पैसे वाचतात, फक्त जागा माहीत हवी. दोन-तीन मशीनच्या दुकानाला विंडोज होम पुरतं. मालकाला घरून ऑफिसचं मशीन रिमोट डेस्कटॉपनं उघडायचं असेल, किंवा सगळी मशीन एका डोमेनखाली, म्हणजे एकाच ठिकाणाहून सांभाळता येतील अशी, आणायची असतील, तरच विंडोज प्रो. मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स स्वस्त असतं, पण ते त्या मदरबोर्डाशीच बांधलेलं. बोर्ड गेला की तेही गेलं. रिटेल, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं, महाग, पण नव्या मशीनवर नेता येतं. आणि नेटवर चार-पाचशेला मिळणारी लायसन्स-की, म्हणजे विंडोज चालू करायचा कोड, घेऊ नका. चालू होते, सहा महिन्यांनी 'ॲक्टिव्हेट करा' असा शिक्का स्क्रीनच्या कोपऱ्यात येतो, आणि विकणारा तोवर गायब.

आता डाळ मिल. २०१९ चा मे. पत्र्याच्या शेडमध्ये सोळा कॅमेरे, वीजही नेटवर्कच्या वायरीतूनच. मालकानं भाव इतका पाडला की आतेभावानं निम्म्याहून कमी किमतीचे वायरीचे बॉक्स उचलले. बॉक्सवर झोकात 'कॅट सिक्स', म्हणजे नेटवर्क वायरीचा वरचा दर्जा, छापलेलं. काम झालं, पैसे मिळाले, आठ दिवसांनी चौकीदाराचा फोन: "दिवसा कॅमेरे चालू रायतेत जी, रात्री झोपून जातेत."

आम्ही सगळ्या वायरी जिथं येतात तो नेटवर्कचा स्विच बदलला. मग दोन कॅमेरे बदलले. मग सगळा दोष मिलच्या व्होल्टेजवर ढकलून पाहिला. शेवटी एका संध्याकाळी टेस्टर घेऊन तिथंच बसलो. अंधार पडला, कॅमेऱ्यांत बारीक 'टक' असा आवाज झाला, काचेभोवतीचे लालसर दिवे लागले, आणि लांबचे सहाही कॅमेरे एकापाठोपाठ बंद. मिनिटभरानं चालू, पुन्हा बंद. रात्री ते दिवे लागले की कॅमेरा जास्त वीज ओढतो, आणि ती वायरीतून पोचत नव्हती. चौकीदाराकडून दाढीचं ब्लेड घेतलं, एक तार खरवडली. वर तांब्याचा रंग, आत पांढरं ॲल्युमिनियम. बाजारात याला सीसीए म्हणतात, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. विजेला तिचा अडथळा तांब्याच्या साधारण दीडपट, त्यात तारही बारीक, त्यात अंतर ८५ मीटर, आणि डोक्यावर नागपूरच्या मे महिन्यात तापलेला पत्रा. तार तापली की अडथळा आणखी वाढतो. दहा-पंधरा मीटरवरचे कॅमेरे मात्र मजेत चालू होते, म्हणूनच आम्हाला आधी समजलं नाही.

सहाही लाइन पदरचे पैसे घालून नव्यानं ओढल्या. वायर त्यात स्वस्तच पडली. शिडीचं भाडं, दोन पोरांची मजुरी आणि मिलच्या सुट्टीची वाट पाहणं महाग पडलं. आतेभाऊ त्या महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही, मीही नाही.

आता बॉक्स घेताना आधी ब्लेड, मग वजन. खालच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवतो. ३०५ मीटरचा कॅट सिक्सचा बॉक्स खऱ्या तांब्याचा असेल तर त्याच जाडीच्या सीसीएपेक्षा तीन किलोहून जास्त भरतो. किराणावाला विचारतो, "किती किलो साखर घेऊन रायले?" साध्या ऑफिसला चांगल्या तांब्याची कॅट फाइव्ह ई, म्हणजे एक पायरी खालची वायर, देतो, १ जीबीपीएसचा वेग ती १०० मीटरपर्यंत नेते. भिंत फोडून पाइपात टाकायची असेल तरच कॅट सिक्स, कारण ती भिंत कुणी पुन्हा फोडणार नाही. वायरीवर मीटरचे आकडे छापलेले असतात, ते प्रत्येक लाइनच्या दोन्ही टोकांना वहीत लिहितो. उरलं किती हे मोजावं लागत नाही आणि गिऱ्हाइकाशी वाद होत नाही. उरलेल्या तुकड्यांच्या पॅच कॉर्ड, म्हणजे भिंतीपासून मशीनपर्यंतच्या छोट्या वायरी, करायची जुनी सवय मात्र सोडली. भिंतीतल्या वायरीची तार भरीव असते, टेबलाखाली रोज वाकली की आतून तुटते.

गेल्या वर्षी विंडोज टेनची पाळी आली. १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपणार होता, आणि आमच्या गिऱ्हाइकांकडच्या निम्म्या मशीन इंटेल प्रोसेसरच्या आठव्या पिढीच्या आधीच्या, म्हणजे विंडोज इलेव्हनला न चालणाऱ्या. सगळं नवं घ्या म्हणून सांगणं सोपं होतं. आम्ही मशीनवार यादी केली. टॅलीच्या मशीन आधी बदलल्या, त्याही जुन्या-पण-आठव्या पिढीच्या घेऊन. एका कोचिंग क्लासमध्ये पोरं फक्त ब्राउझर उघडतात, तिथं विंडोजऐवजी फुकट मिळणारं उबुंटू २४.०४ टाकलं, अपडेट २०२९ पर्यंत. महालातल्या एका छापखान्यात तेच करायला गेलो, तर टायपिंगवाल्या ताईंनी कीबोर्डवर हात ठेवला आणि लगेच उचलला. त्यांची बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या अक्षरमांडणीवर, बसलेली, फॉन्ट जुने. तिथं आम्ही हरलो, विंडोजच ठेवलं.

राहिलं धर्मकाट्याचं, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्याचं, मशीन, हिंगण्याच्या रस्त्यावर. वजनाचं सॉफ्टवेअर १६ बिटचं, ६४ बिट विंडोजवर उघडतच नाही, आणि इलेव्हन ३२ बिटमध्ये येतच नाही. बनवणाऱ्याचा पत्ता नाही. तिथं ३२ बिट विंडोज सेव्हन तसंच ठेवलं, नेटची वायर काढली, हुबेहूब तसंच दुसरं मशीन तयार करून कपाटात ठेवलं आणि मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली: 'नेट जोडू नये.' दसऱ्याला गेलो तेव्हा मॉनिटरवर झेंडूचा हार होता आणि चिठ्ठीला हळदकुंकू लावलेलं. वायर मात्र कुणी जोडलेली नव्हती.