अविनाशी कोलोससचा बळी

रिचर्ड गारफिल्ड यांचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ मध्ये बाजारात आला आणि आमच्या घरात तो बऱ्याच वर्षांनी भाच्याच्या दप्तरातून शिरला. आपल्याला इंग्रजी बऱ्यापैकी येते, या भ्रमात मी त्याच्यासमोर खेळायला बसलो.

अकरा लँड, म्हणजे इतर पत्त्यांची किंमत चुकवणारे पत्ते, जमेपर्यंत कसाबसा तग धरून मी ‘डार्कस्टील कोलोसस’ हा क्रीचर, म्हणजे लढणारा पत्ता, उतरवला. ताकद अकरा, टफनेस म्हणजे मार सोसण्याची क्षमता अकरा, आणि पत्त्यावर स्वच्छ छापलेले ‘इन्डिस्ट्रक्टिबल’. भाच्याने शांतपणे दोन लँड आडव्या करून किंमत चुकवली आणि ‘डायबॉलिक एडिक्ट’ टाकले. टार्गेट केलेल्या खेळाडूने आपल्या एका क्रीचरचा बळी द्यावा, एवढाच त्याचा मजकूर. माझ्याकडे क्रीचर एकच होता.

“मामा, उचल तो.”

मी ‘इन्डिस्ट्रक्टिबल’वर बोट ठेवून वाद घातला. तेव्हा कळले की ‘डिस्ट्रॉय’ ही नियमांच्या लेखी एक ठरावीक क्रिया आहे. पत्त्यावर तसे लिहिले असेल किंवा जीवघेणा मार बसला असेल, तरच ती घडते आणि अविनाशीपण फक्त तिच्यापासूनच वाचवते. ‘सॅक्रिफाइस’ आपल्याच हाताने करायचा असतो, त्याचा तिच्याशी संबंध नाही. शिवाय टार्गेट मी होतो, कोलोसस नव्हे. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ वाचून डॉक्टर गाठणाऱ्या माणसासारखी माझी गत झाली.

पत्ता ग्रेव्हयार्डकडे, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगाकडे, नेत असताना त्यावरचे शेवटचे वाक्य भाच्यानेच दाखवले : हा ग्रेव्हयार्डमध्ये जाणार असेल, तर त्याऐवजी तो दाखवून लायब्ररीत, म्हणजे ओढायच्या गड्डीत, मिसळावा. मग हा मेला की नाही? नाही, कारण ‘डाइज’ म्हणजे रणांगणावरून ग्रेव्हयार्डमध्ये पोहोचणे, आणि हा तिथवर पोहोचलाच नाही. बळी गेला, पण मेला नाही, हे वाक्य या खेळात पूर्णपणे शुद्ध आहे.

नियम लिहिणाऱ्यांचीही शब्दांशी झटापट चालतेच म्हणा. ‘खेळातून काढलेले’ पत्ते दुसरे काही पत्ते खुशाल परत आणत, म्हणून २००९ मध्ये असे काढलेले पत्ते जातात त्या जागेला ‘एक्झाइल’ असे नाव दिले गेले. हद्दपार माणूस निदान परतू शकतो.

कोलोसस गड्डीत घालून मी ती पिसली आणि पुढच्या दोन पाळ्यांत हरलो. नंतर गड्डी चाळून पाहिली, तर तो वरून तिसराच होता.